विजेत्यांची पुनर्भेट : एका प्रश्नमंजुषेच्या निमित्ताने

दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजुषा हा वाङ्मयीन त्रैमासिकाचा विषय व्हावा काय, अशी शंका आमच्या काही वाचकांस येईल. ती आम्हांसही आली होती. परंतु हिंगोली जिल्ह्यातील साखरा येथे काही दिवस आमचा मुक्काम होता. ज्या घरी उतरलो होतो तेथील तरुण स्पर्धा परीक्षेची तयारी करीत होता आणि इंग्रजी कानावरून जावे म्हणून ‘जेपर्डी’ ह्या अमेरिकन कार्यक्रमाचे जुने भाग भ्रमणध्वनीवर पाहत असे. जानेवारी २०२० मधील विजेत्यांचा सामना आम्ही त्याच्याबरोबर बसून पाहिला. पहिल्याच रात्री त्याने विचारले, “काका, हे तिघं तर आधीच जिंकलेले आहेत की. मग पुन्हा कशाला आले?” त्यावेळी आम्ही काहीतरी सांगून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र मनातून गेला नाही, आणि हे लिखाण त्यातूनच झाले आहे.

प्रथम खेळाविषयी. १९५०च्या दशकात अमेरिकेतील प्रश्नमंजुषांची मोठी बेअब्रू झाली. स्पर्धकांना उत्तरे आधीच पुरविली जात होती, हे उघड झाले. चार्ल्स व्हॅन डोरेन ह्या लोकप्रिय विजेत्याने १९५९ साली संसदीय समितीपुढे तशी कबुली दिली. पुढे मर्व्ह ग्रिफिन नवा कार्यक्रम योजीत असता त्यांच्या पत्नी ज्युलिअन ह्यांनी सुचविले की, उत्तरेच देऊन टाकावीत आणि स्पर्धकांकडून प्रश्न मागावेत! त्या विनोदातून १९६४ साली ‘जेपर्डी’ जन्मास आली. फलकावर सहा विषय, प्रत्येकाखाली पाच विधाने. विधान हेच उत्तर. स्पर्धकाने त्याला साजेसा प्रश्न विचारावयाचा. निवेदकाचे वाचन संपून फलकाच्या कडेचे दिवे लागेपर्यंत बझर बंद असतो, आणि उतावीळपणे आधी दाबणाऱ्याचा बझर पाव सेकंद गोठतो. आता पाव सेकंद म्हणजे काय, असे कोणी म्हणेल. परंतु तिघांनाही उत्तर ठाऊक असते तेव्हा सारा निकाल त्या पाव सेकंदातच लागतो. विजेत्यांच्या सामन्यात तर हे क्षणोक्षणी घडते, आणि आमचा पहिला आक्षेपही येथेच आहे. सारेच जाणते एकत्र आले की ज्ञानाची परीक्षा संपते आणि अंगठ्याची सुरू होते. २०११ साली ‘वॉटसन’ नामक संगणकास केन जेनिंग्ज आणि ब्रॅड रटर ह्या दोघा श्रेष्ठ विजेत्यांसमोर बसविले तेव्हा यंत्राने ७७,१४७ गुण मिळविले; जेनिंग्जचे २४,००० झाले आणि रटरचे २१,६००. यंत्राचा साठा अफाट होता हे खरेच, पण त्याचा ‘अंगठा’ही कधी अडखळला नाही.

दुसरा आक्षेप नावाविषयी. २०२०च्या त्या सामन्यास ‘सर्वकाळातील सर्वश्रेष्ठ’ असे भारदस्त बिरुद लावलेले होते. तिघेही नामांकित, ह्यात वाद नाही. जेनिंग्जने २००४ मध्ये सलग ७४ सामने जिंकले होते. जेम्स होल्झहॉअर हा लास व्हेगासचा व्यवसायी जुगारी; २०१९ मध्ये त्याने ३२ सामन्यांत २४ लाखांहून अधिक डॉलर मिळविले. रटर तर २०२० पूर्वी ह्या खेळात कोणत्याही मनुष्याकडून वैयक्तिक सामन्यात हरलेला नव्हता. २००५ आणि २०१४ अशा दोन्ही वेळी त्याने जेनिंग्जला मागे टाकले होते. तोच रटर २०२० मध्ये तिसरा आला. मोठ्या बाजीच्या विधानांवर तो वारंवार घसरत होता आणि आपल्याच घसरण्यावर हसत होता. मग श्रेष्ठ कोण? तीन सामने आधी जिंकेल तो, असे नियम म्हणतो. नियमास त्याची सोय पाहणे भाग आहे. समीक्षकाने मात्र एका आठवड्याच्या निकालास सर्वकाळाचा निवाडा म्हणू नये. शिवाय ह्या ‘सर्वकाळा’त शेक्सपिअर आहे, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आहेत, आमचे तुकोबा असणे शक्यच नाही. प्रत्येक समाज आपल्याच माजघराला विश्व म्हणतो, आम्हीही म्हणतो. तेव्हा ह्या मुद्द्यावर अधिक रागावण्यात अर्थ नाही.

आता जे आवडले त्याकडे वळतो. चौथ्या रात्रीचे अखेरचे विधान असे होते की, शेक्सपिअरच्या शोकांतिकांत, ज्याच्या नावावरून नाटकाचे नाव नाही अशा पात्रांपैकी ह्याच्या वाट्याला सर्वाधिक, म्हणजे २७२ भाषणे आली आहेत. होल्झहॉअर मागे होता. त्याने त्या फेरीतले सर्व गुण पणाला लावले आणि होरेशिओचे नाव लिहिले. जेनिंग्जने एकही गुण न लावता इयागो असे बिनचूक लिहिले. सामना संपला. तिघे एकमेकांची यथेच्छ टिंगल करीत होते, आणि त्या टिंगलीत आपल्या तोडीच्या माणसाशी गाठ पडल्याचा उघड आनंद होता. साखऱ्याच्या त्या तरुणाच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आम्हांस येथे मिळाले. गावात एकच पट्टीचा बुद्धिबळपटू असेल तर त्याच्यासारखा एकाकी मनुष्य नाही. त्याला बक्षीस नको असते. समोर बसणारा कोणी हवा असतो. २००५ साली जुन्या १४५ विजेत्यांना एकत्र आणणारी स्पर्धा झाली तेव्हा त्यांतील बहुतेकांना आपण जिंकणार नाही हे ठाऊक असणार. तरीही ते आले.

ह्याहून हृद्य प्रसंग नोव्हेंबर २०१९ मधला. विजेत्यांच्या वार्षिक स्पर्धेची उपान्त्य फेरी सुरू होती. सूत्रसंचालक ॲलेक्स ट्रेबेक ह्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाल्याचे त्याच वर्षीच्या मार्चमध्ये जाहीर झाले होते. ध्रुव गौर ह्या भारतीय वंशाच्या महाविद्यालयीन विजेत्याला अखेरचे विधान उमगले नाही. त्याने जवळच्या २,००० गुणांपैकी १,९९५ लावले आणि उत्तराच्या जागी सूत्रसंचालकांवरील सर्वांचे प्रेम कळविणारे चार शब्द लिहिले. ते वाचताना ट्रेबेक ह्यांचा कंठ दाटून आला. उरलेल्या पाच गुणांसह तो मुलगा स्पर्धेबाहेर गेला. ट्रेबेक ८ नोव्हेंबर २०२० रोजी निवर्तले. एखाद्या नवख्या स्पर्धकाने हे केले असते तर आम्हांस ते नाटकी वाटले असते. एकदा जिंकून चुकलेल्या मुलालाच असे हरणे परवडते.

आता आपल्या घरी येऊ. ३ जुलै २००० रोजी ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाला आणि त्याच वर्षी हर्षवर्धन नवाथे हे मुंबईचे तरुण पहिले करोडपती ठरले. तेही त्यावेळी प्रशासकीय सेवेच्या परीक्षेची तयारी करीत होते. साखऱ्याच्या तरुणाला हे सांगितले तेव्हा तो सावरून बसला! त्याच २००० साली तिकडे लँकेस्टर गावच्या ध्वनिमुद्रिकांच्या दुकानात काम करणारा ब्रॅड रटर पाच सामने जिंकून, तेव्हाच्या नियमाप्रमाणे निवृत्त झाला होता. दोघांची तुलना करण्याचा मोह आवरत नाही. रटरला पुढे २००२, २००५, २०११, २०१४ आणि २०२० साली पुन्हा पुन्हा त्या मेजामागे उभे केले गेले. नवाथे ह्यांचे नाव आजही घरोघरी ठाऊक आहे, पण ते ‘पहिले करोडपती’ म्हणून. त्यांच्या ज्ञानाची तुलना कोणाशी करावी, हे आपल्याला कधी सुचलेही नाही. ह्यात निर्मात्यांचा दोष नाही. त्या खेळाची घडणच तशी आहे. खुर्चीवर एकटाच मनुष्य असतो. समोर प्रतिस्पर्धी नसतो, शिडी असते. शिडी चढून झाली की माडीवर करावयाचे काय?

मराठीतही हाच साचा आला. २०१३ साली सचिन खेडेकर ह्यांनी सौजन्यपूर्वक चालविलेला ‘कोण होईल मराठी करोडपती’ आणि २०१९ मध्ये नागराज मंजुळे ह्यांचा ‘कोण होणार करोडपती’, दोन्ही आम्ही पाहिले. मंजुळे समोरच्या माणसाशी गावच्या पारावर बसल्यासारखे बोलत, हे आम्हांस विशेष भावले. परंतु कार्यक्रमाची अर्धी ताकद स्पर्धकाच्या अडचणीत असते. कोणाचे कर्ज, कोणाचे घर, कोणाच्या मुलीचे शिक्षण. प्रश्न विचारण्याआधी गरज विचारली जाते. हिंदी कार्यक्रमात २०१९ साली अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी येथील बबिता ताडे ह्या शाळेत खिचडी शिजविणाऱ्या बाईंनी एक कोटी रुपये जिंकले. महिना १,५०० रुपयांवर काम करणाऱ्या त्या बाईंना विचारले, तर हवा होता फक्त एक भ्रमणध्वनी. तो भाग पाहताना आमचेही डोळे कोरडे राहिले नाहीत. तरी नंतर एक गोष्ट खटकली. बाईंची गरिबी आपण सर्वांनी पाठ केली. त्यांनी चुलीपुढे उभे राहून इतके वाचले केव्हा आणि काय, हे आपल्यापैकी कितीजणांना आठवते? २०११ साली पाच कोटी जिंकणारे मोतिहारीचे सुशील कुमार ह्यांनी २०२० मध्ये आपल्या पुढील वर्षांची परवड स्वतःच लिहून प्रसिद्ध केली. व्यसन, फसवणूक, लोकांच्या न संपणाऱ्या मागण्या, असे सगळे त्यात आहे. पैसा मिळाला, गर्दी मिळाली. बरोबरीचा सोबती मात्र मिळालेला दिसत नाही.

विजेत्यांना पुन्हा एकत्र बसविणे ही केवळ अमेरिकन कल्पना आहे, असे कोणी समजू नये. संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नरसी आमच्या ह्या मुक्कामाच्याच जिल्ह्यात आहे. संतमंडळी तेरला गोरोबांच्या घरी जमली असताना मुक्ताबाईंनी थापटण्याकडे बोट दाखवून हे काय म्हणून विचारले, आणि गोरोबा एकेकाच्या मस्तकावर ते थापटून कोणते मडके कच्चे ते पाहू लागले, ही आख्यायिका कोणास ठाऊक नाही? सर्व निमूट बसले, नामदेव तेवढे चिडले. आणि तेच कच्चे ठरले. ज्यांच्याशी विठ्ठल बोलतो म्हणून ख्याती, त्यांची ही गत! पण पुढचा भाग आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. कच्चे ठरल्यावर नामदेवांना मंडळीतून काढले नाही. ते ह्याच जिल्ह्यातील औंढा नागनाथास विसोबा खेचरांकडे गेले, शिकले आणि पुन्हा त्याच मंडळीत आले. सिद्धांची परीक्षा सिद्धांनीच घ्यावी आणि हरलेल्यास शिकण्याची वाट मोकळी असावी, ह्याहून चांगली स्पर्धा कोणत्या वाहिनीने योजिली आहे?

आमच्या ख्रिस्तसभेलाही हे परके नसावे. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसलेला सापडला तेव्हा तो ऐकत होता आणि प्रश्न विचारीत होता, असे संत लूक नोंदवितो. ‘जेपर्डी’च्या उलट्या रीतीला ह्यापेक्षा जुना दाखला आम्हांस ठाऊक नाही! रुपयांच्या दृष्टान्तात चोख हिशेब देणाऱ्या दासाला धनी सुट्टी देत नाही, अधिक काम देतो. आणि आम्ही काय करतो? आमच्या परिचयाच्या एका धर्मग्रामात बायबल प्रश्नमंजुषा दरवर्षी होते. सलग दोन वर्षे पहिली आलेल्या एका मुलीला तिसऱ्या वर्षी प्रेमाने सांगण्यात आले की, बाळ, आता इतरांना संधी दे. तिला गुण मांडण्यास बसविले. त्या दिवशी परीक्षकांच्या रांगेत आम्हीही होतो आणि काही बोललो नाही. उलट ही व्यवस्था आम्हांस न्याय्यच वाटली होती. स्पर्धक एखाद्या प्रश्नावर अडखळला की मुलीचे ओठ हलत आणि लगेच मिटत. चौथ्या वर्षी ती गुण मांडण्यासही आली नाही. तिची आई म्हणाली, ती हल्ली बायबल उघडत नाही. जिंकायचे काही उरलेच नाही ना!

साखऱ्याच्या तरुणाला आम्ही ही हकिगत सांगितली. तो म्हणाला, “तिच्याशी खेळायला कुणी नव्हतं, काका.” त्यावर आमच्यापाशी बोलण्यासारखे काही नव्हते.

परत आल्यावर त्या धर्मग्रामाच्या धर्मगुरूंना आम्ही एक पत्र लिहिले. गेल्या वीस वर्षांतील सर्व विजेत्यांना एका सायंकाळी बोलवावे. त्यांत आता लेकुरवाळ्या झालेल्या मुली असतील, नोकरीनिमित्त दूर गेलेले मुलगे असतील. बक्षीस ठेवू नये. प्रश्न त्यांनीच एकमेकांना घालावेत आणि परीक्षक म्हणून आमची निवड करू नये. पत्राला पाच आठवडे झाले. धर्मगुरूंचा होकार अद्याप आलेला नाही, नकारही नाही. मुलीच्या आईला मात्र कोठून तरी कळले आहे, आणि मुलीने नियम काय असतील असे विचारल्याचा निरोप आला आहे.