बीज कुणाचं, शेत कुणाचं? एमिली मार्टिन वाचताना

स्त्रीवादी नजरेने विज्ञानाकडे पाहायचं म्हणजे प्रयोगशाळेत किती बायका आहेत ते मोजायचं, एवढंच डोक्यात ठेवून तुम्ही पीएचडीच्या मुलाखतीला जाणार असाल, तर आधी एक निबंध वाचा. मानवशास्त्रज्ञ एमिली मार्टिन यांचा 'द एग अँड द स्पर्म' हा निबंध १९९१ मध्ये 'साइन्स' या स्त्री-अभ्यासाच्या नियतकालिकात आला. मोजणी हवीच. पण मार्टिन विचारतात, वर्गात जे शिकवलं जातं त्याची भाषा कुठून येते?

त्यांनी वैद्यकाची पाठ्यपुस्तकं तपासली. तिथे मासिक पाळी म्हणजे अपयश आणि पडझड, शुक्राणूंची निर्मिती मात्र थक्क करणारी! मग त्या साधा हिशेब मांडतात. एका मुलामागे बाईची सुमारे २०० स्त्रीबीजं 'वाया' जातात, तर पुरुषाचे एक लाख कोटींहून अधिक शुक्राणू. तरी नासाडीचा शिक्का बाईवरच.

निबंधाचा कणा पुढे आहे. शुक्राणूचा पुढे जाण्याचा जोर अगदी कमी असतो, शेपटीची आडवी हालचालच जास्त असते आणि स्त्रीबीजाचं आवरण त्याला धरून ठेवतं, असं संशोधनात दिसलं. पण लिहिताना त्याच संशोधकांनी शुक्राणूला हल्ला करणारा वीरच ठेवला. पुरावा बदलला, गोष्ट तीच राहिली. वस्तुनिष्ठता नेमकी कुठे निसटते, हे इतकं स्वच्छ क्वचितच दाखवलं जातं. आणि हो, जीवशास्त्र खोटं आहे असं मार्टिन कुठेही म्हणत नाहीत. मुलाखतीत तसं बोलू नका.

निबंध कमी कुठे पडतो? एक म्हणजे उतारे निवडक आहेत. किती पुस्तकं पाहिली, वेगळं लिहिणारी किती, हे कळत नाही. तुमच्या प्रबंधात असं असेल तर गाईड पहिल्यांदा तिथेच बोट ठेवतील. दुसरं, ही रूपकं पुस्तकाबाहेर जमीन, वंश, हक्क यांचं काय करतात, याकडे निबंध फारसा वळत नाही.

त्यासाठी लीला दुबे वाचा. त्यांचा 'सीड अँड अर्थ' हा निबंध पाच वर्षं आधीचा, १९८६ चा. पुरुष बीज देतो, बाई म्हणजे शेत, या कल्पनेतून मुलांवरचा आणि मालमत्तेवरचा पुरुषाचा हक्क कसा नैसर्गिक वाटू लागतो, हे त्या दाखवतात.

आता आपली मराठी बघा. 'स्त्रीबीज' हा शब्दच सांगतो की बीज बाईकडेही आहे. पण पुढचं वाक्य येतं, 'शुक्राणू स्त्रीबीजाला फलित करतो.' कर्ता कोण, कर्म कोण? एक्स आणि वाय गुणसूत्रं शिकून पास झालेल्या घरातसुद्धा मुलगी झाली की जाब सुनेलाच विचारतात. माहिती पोचली, गोष्ट हलली नाही.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी फलन प्राणिशास्त्राच्या वर्गात शिकवतात आणि मार्टिन स्त्री अभ्यासाच्या. दोन्ही वर्गांची गाठ पडत नाही. तुमचा विषय कोणताही असो, त्यातल्या एका पाठ्यपुस्तकाचं एक प्रकरण घ्या, क्रियापदांखाली रेघा मारा आणि प्रत्येकीसमोर लिहा: याला पुरावा आहे, की नुसती सवय? ज्या ओळींपुढे 'सवय' लिहाल, तिथे संशोधनाचा प्रश्न सापडायची शक्यता आहे.