दोनाने भागण्यामागचं गृहीतक: मिल्स यांचा एनटीपीवरचा निबंध

प्रबंधाच्या ‘संशोधन पद्धती’च्या प्रकरणात एक वाक्य हमखास सापडतं: ‘सर्व मशिन्सची घड्याळं एनटीपीने जुळवली होती.’ पुढे पूर्णविराम. किती जुळली, चूक जास्तीत जास्त किती असू शकते, काही पत्ता नाही. म्हणून डेव्हिड मिल्स यांचा १९९१ सालचा निबंध (आयईईई ट्रान्झॅक्शन्स ऑन कम्युनिकेशन्स) एकदा मुळातून वाचा. एनटीपीचा पहिला आरएफसी, क्रमांक ९५८, १९८५ मधला. म्हणजे हा निबंध चालत्या यंत्रणेच्या अनुभवातून लिहिलेला आहे, आणि ते वाचताना जाणवतं.

कल्पना सोपी आहे. तुमचं मशिन सर्व्हरला निरोप पाठवतं, सर्व्हर उत्तर देतो. चार वेळा नोंदल्या जातात: निरोप निघाला, सर्व्हरकडे पोचला, उत्तर निघालं, उत्तर आलं. पहिली आणि चौथी नोंद तुमच्या घड्याळाची, मधल्या दोन सर्व्हरच्या. दुसरीतून पहिली वजा करा, तिसरीतून चौथी वजा करा, बेरीज करून दोनाने भागा. झाला ऑफसेट, म्हणजे दोन घड्याळांमधला फरक.

सगळी गोम त्या ‘दोनाने भागा’मध्ये आहे. जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो, हे तिथे गृहीत धरलंय.

आकडे घालून बघा. दोन्ही घड्याळं अगदी बरोबर आहेत. जायला ४० मिलिसेकंद, यायला १०, सर्व्हरवर २. नोंदी येतात ०, ४०, ४२, ५२. ऑफसेट = (४० − १०) ÷ २ = १५ मिलिसेकंद. बरोबर असलेलं घड्याळ एनटीपी १५ मिलिसेकंद पुढे ढकलणार! शंभर वेळा विचारलं तरी उत्तर १५च. आकडे स्थिर दिसले की आपल्याला वाटतं मोजमाप अचूक आहे. इथे ते फक्त सातत्याने चुकतंय.

मिल्स हे लपवत नाहीत, हा निबंधाचा मोठेपणा. खरा ऑफसेट मोजलेल्या ऑफसेटच्या दोन्ही बाजूंना, जाण्यायेण्याच्या एकूण विलंबाच्या निम्म्या अंतरात असतो, असं ते मांडतात. वरच्या उदाहरणात विलंब ५०, म्हणजे मर्यादा २५; आपली १५ ची चूक त्यात बसते. शेवटच्या आठ नमुन्यांतून सर्वांत कमी विलंबाचा नमुना निवडायची युक्तीही सुंदर आहे, कारण रांगेत अडकलेली पॅकेट्स त्यातून गळतात. पण जाण्याचा रस्ताच वेगळा आणि लांबचा असेल तर ही गाळणी काय करणार? माझी तक्रार इथे आहे. गाळण्या, सर्व्हरची निवड, घड्याळाचा वेग सावरणारं फेज-लॉक लूप यांवर भरपूर जागा खर्च होते. ज्या चुकीवर यातल्या कशाचाच इलाज नाही, ती मात्र घाईने वाचणाऱ्याच्या नजरेतून सहज सुटते.

आणि ती सुटली की काय होतं? समजा, तुम्हाला जाण्याचा आणि येण्याचा विलंब वेगवेगळा मोजायचाय, आणि त्याच रस्त्यावरून तुम्ही घड्याळ एनटीपीने जुळवलंत. वरच्या उदाहरणात घड्याळ १५ ने पुढे गेलं, की निरोप १५ ला निघून ४० ला पोचतो: २५. उत्तर ४२ ला निघून ६७ ला येतं: पुन्हा २५. खरे आकडे ४० आणि १०! जे गृहीत धरलं तेच ‘निष्कर्ष’ म्हणून परत आलं. आलेख इतका नीटनेटका दिसतो की गाईडलाही शंका येणार नाही.

असं मोजमाप करायचं असेल तर दोन्ही टोकांना जीपीएस रिसीव्हरसारखा स्वतंत्र स्रोत लागतो. तेवढी अचूकता नको असेल, नुसता लॉगचा क्रम लावायचा असेल, तर एनटीपी पुरतं. फक्त चुकीची मर्यादा लिहा. क्रॉनी वापरत असाल तर त्याच्या ‘ट्रॅकिंग’ अहवालात रूट डिले आणि रूट डिस्पर्शन दिसतात. रूट डिलेचं निम्मं, अधिक रूट डिस्पर्शन, अधिक त्या क्षणी दुरुस्त व्हायचा उरलेला फरक: हा आकडा प्रयोग चालू असतानाच नोंदवून ठेवा, नंतर तो मिळत नाही.