मुखवटा आणि धार

तंजावरास बदलीवर गेलेला मराठी गृहस्थ पहिल्या सुटीच्या दिवशी बृहदीश्वराच्या देवळात जातो आणि भिंतीवर कोरलेला भोसले घराण्याचा इतिहास वाचू लागतो. दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये कोरविलेला हा लेख मराठीत आहे, त्यामुळे परमुलखात घरचे माणूस भेटल्यासारखे वाटते. पुढे सरस्वती महाल, राजवाडा, आणि शहाजी राजांची मराठी नाटके सांगलीच्या १८४३ च्या प्रयोगाहून किती जुनी याची चर्चा. एवढ्यावर तंजावर पाहून झाले असे आपण समजतो. मीही तसेच समजत होतो. भिंतीवरील अक्षरे ज्या छिन्नीने उठली तिला धार कोण लावीत असेल, हा प्रश्न मात्र मला सुचला तो देवळात नव्हे, वीणा घडविणाऱ्या एका कारागिराच्या ओसरीवर.

तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची करतात; ते पुष्कळदा कडलूर जिल्ह्यातील पणरुटीहून येते. २०१३ मध्ये या वीणेस भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा वृत्तपत्रांतून तिच्या नादाविषयी बरेच लिहून आले. दांडीच्या टोकाशी खाली वळलेले व्यालाचे जे तोंड असते (तिकडे त्यास याळी म्हणतात) त्याची कोणी फारशी विचारपूस केली नाही. नादाशी त्याचा काही संबंध नाही. अखंड लाकडाची वीणा सोडली तर ते वेगळे कोरून जोडावयाचे असते, आणि वाजविणाऱ्याचे लक्ष त्याच्याकडे क्वचितच जाते. परंतु कारागिराची पारख करावयाची तर ती तेथेच होते, कारण तेथे तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखे माप नाही की पडद्यांसारखे गणित नाही. वटारलेले डोळे, फुगलेल्या नाकपुड्या, उघडा जबडा, एवढेच. तोही एक मुखवटाच. फक्त त्याच्या आड माणूस नाही.

मी तेथे पाऊण तास बसलो असेन. त्या वेळात गोल पटाशी लाकडावर होती त्याहून अधिक वेळ दगडावर होती. मला तो वेळ वाया चालला असे वाटले, कचेरीत शिपाई पेन्सिलीला टोक करीत बसला की वाटते तसे. कारागिराने माझ्या मनातले ओळखले असावे. त्याने लाकडाचा एक तुकडा घेऊन तंतूंच्या आडव्या टोकावर आधी दगडावर न घासलेली आणि मग घासलेली पटाशी चालवून दाखविली. पहिल्या कापावर पांढुरके कुसळ उभे राहिले. दुसरा काप आरशासारखा चमकला.

सुतारकामाविषयी आपली एक ठाम समजूत असते की कठीण लाकडास तीक्ष्ण हत्यार हवे, मऊ लाकूड कशानेही कापते. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. कठीण लाकूड बोथट पटाशीपुढे ताठ उभे राहते, म्हणून मोगरीच्या जोरावर का होईना पण कापले जाते. मऊ लाकूड दबते, त्याचे तंतू चिरडतात आणि कापले जाण्याऐवजी उपटून येतात. त्यासाठी धार पातळ ठेवावी लागते, पातळ धार लवकर मोडते, आणि पुन्हा दगड गाठावा लागतो. डोक्यावर चढवून रात्रभर नाचावयाचा मुखवटा हलकाच हवा, म्हणजे लाकूड पांगाऱ्यासारखे मऊ हवे. अर्थात ज्या लाकडाला आपण सोपे म्हणतो तेच सर्वांत अधिक धार मागते.

याचा चेहऱ्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. कोरलेला चेहरा सावलीने बनतो. पापणीखाली पटाशी खोल आणि स्वच्छ उतरली तरच तेथे अंधार साठतो, आणि तो अंधार म्हणजेच नजर. हत्यार बोथट असले की हात आपोआप उथळ कापतो. फाटलेले तंतू मग काचकागदाने घासावे लागतात, त्यात ओठांची व पापण्यांची कड गोल होते आणि सावली निघून जाते. शेवटी रंगाची काळी रेघ ओढून ती परत आणावी लागते. अशी काळी रेघ ही पुष्कळदा न उतरलेल्या पटाशीची कबुली असते.

तंजावरपासून जवळच मेलत्तूर गाव आहे. तेथे नरसिंह जयंतीच्या सुमारास वरदराज पेरुमाळाच्या देवळापुढे भागवत मेळा होतो. मेलत्तूर वेंकटराम शास्त्रींची नाटके तेलुगूत असली तरी ती मराठ्यांच्या अमदानीतील, म्हणून आपणांस अगदीच परकी नव्हेत. आरंभी लहान मुलगा गणपतीचा मुखवटा घालून येतो. प्रह्लादचरित्रात नरसिंहाचा मुखवटा अवतरतो. तो वर्षभर पूजेत असतो, धारण करणारा उपवास करतो, आणि आवेश आल्यावर त्यास इतरांना आवरावे लागते. त्या मुखवट्यास हात लावून पारख करण्याचा अधिकार प्रेक्षकाला नाही आणि तो मागूही नये. तरीही मला एक तक्रार नोंदवावीशी वाटते, आणि ती उजेडाविषयी आहे. दिवटीचा उजेड खालून, बाजूने, हलत येतो. त्यात कोरीव चेहरा क्षणोक्षणी बदलतो. समोरून सरळ पडणारा विजेचा झोत कोणत्याही कोरीव कामाला सपाट करून टाकतो. आपण मुखवट्याच्या ‘जिवंतपणा’विषयी लिहितो, त्यातील निम्मा भाग दिवटीचा असतो.

हे सारे पाहताना मला ठाणे जिल्ह्याच्या त्या वेळच्या डोंगरी तालुक्यांतील (आता ते पालघरात गेले) जव्हार-मोखाड्याचा बोहाडा आठवत होता. तेथेही आरंभी गणपतीचे सोंग, तेथेही नरसिंह, आणि संबळाच्या तालावर मशालींच्या उजेडात रात्रभर चाललेली सोंगांची रांग. लाकडी मुखवट्यांच्या जोडीला तेथे कागदाच्या लगद्याचे मुखवटेही करतात. लगदा साच्यावर चढतो. त्यात पटाशीचे काम नाही, उठाव मऊ आणि मोठा असतो, रंगच बोलतो. मी त्यास कमी प्रतीचे मानीत नाही. ती निराळी कला आहे, आणि तिची कसोटी निराळी असावयास हवी. माझा आक्षेप आहे तो दोहोंना एकाच मापाने मोजून ‘रांगडी लोककला’ म्हणून मोकळे होणाऱ्या आपल्या टीकालेखनावर. शहरातील रसिक फाटलेल्या कापाला ओबडधोबड सौंदर्य म्हणतो, चार पैसे अधिक देतो, आणि कारागीर त्यावरून इतकेच शिकतो की दगडावर घालविलेल्या वेळाचे मोल कोणी देत नाही. पुढच्या मुखवट्याला तो तेवढा वेळ देत नाही, आणि आपण पुन्हा लिहितो की जुनी कला लोपत चालली.

तंजावरच्या कारागिराला मी निघताना विचारले की याळीचे तोंड चांगले उतरले हे कशावरून समजावे. त्याने ते उचलून दाराकडे तिरपे धरले, उजेड एका गालावरून येईल असे, आणि दुसरा डोळा पाहावयास सांगितले. मग ते खाली ठेवून तो पुन्हा पटाशी घासावयास बसला.