डोलकाठीवरचं नाणं: ‘मोबी डिक’मधली प्रतीकं कशी वाचायची?

‘पांढरा देवमासा कशाचं प्रतीक आहे?’ हा प्रश्न आपण सगळ्यांनीच एमएला कधीतरी घोकलाय. उत्तरंही ठरलेली असतात: नियती, निसर्ग, ईश्वर, मृत्यू. माझ्या पहिल्या खर्ड्यात यावर चौदा पानं होती. गाइडनी समासात एवढंच लिहिलं, ‘हे कादंबरीत कुठे घडतं?’ चौदा पानं गेली. मग मी देवमासा बाजूला ठेवला आणि एका नाण्याच्या मागे लागले.

हर्मन मेलव्हिलची ही कादंबरी १८५१ची. ३६व्या प्रकरणात कॅप्टन एहॅब सोन्याचं एक नाणं डोलकाठीवर ठोकतो. पांढरा देवमासा जो आधी बघेल, त्याचं ते नाणं. ९९व्या प्रकरणात एकेक जण येऊन ते निरखतो. नाणं इक्वेडोरचं आहे. त्यावर तीन शिखरं आहेत: एकावर ज्वाला, एकावर बुरूज, एकावर कोंबडा; वर राशिचक्राचा तुकडा. एहॅबला तिन्हींत एहॅबच दिसतो. भाविक स्टारबकला ख्रिस्ती त्रैक्य दिसतं. स्टब चक्क पंचांग आणून राशींमध्ये माणसाचं आयुष्य वाचतो. आणि फ्लास्क? त्याचा हिशेब असा: सोळा डॉलर, दोन सेंटला एक, म्हणजे ९६० सिगार.

वर्गात फ्लास्कवर हसतात. मीही हसले होते. बहुतेक गाइडबुकं इथेच थांबतात: ज्याची जशी दृष्टी तसा अर्थ. हे चूक नाही, पण आळशी आहे. कारण मग काहीही लिहिलं तरी चालतं, आणि व्हायवात नेमकं तेच चालत नाही.

आता बघा, फ्लास्क हा नाण्याला नाणं म्हणून वाचणारा माणूस आहे. जहाजावर पगार नसतो, नफ्यातला वाटा असतो; निवेदक इश्माएलच्या वाट्याला तीनशेवा हिस्सा आलाय. एहॅबला सूड हवाय, आणि सुडातून तेल निघत नाही. स्टारबक ३६व्या प्रकरणातच विचारतो, या सुडातून किती पिंपं मिळणार? म्हणून ते सोनं लागतं. ४६व्या प्रकरणात तर एहॅब मनाशी कबूलच करतो की रोख पैशाची आशा तुटली तर ही माणसं उलटतील.

पुढे वाचत राहा. १३०व्या प्रकरणात तो ठरवतो, देवमासा आपणच आधी बघायचा, नाणं आपल्यालाच मिळायला हवं. १३३व्यात तेच होतं. खलाशी ताश्तेगो म्हणतो, मीही त्याच क्षणी ओरडलो. एहॅब ऐकून घेत नाही. नियतीनंच हे माझ्यासाठी राखून ठेवलं होतं, म्हणतो. मालकानं लावलेलं बक्षीस मालकाच्याच नावावर! (नाणं काढत मात्र नाही; देवमासा मरेपर्यंत तिथंच राहू दे, त्या दिवशी जो आधी बघेल त्याचं, असं नवं आमिष दाखवतो.)

माझा नवा खर्डा यावरच उभा आहे. नाण्यावर काय कोरलंय यापेक्षा ते कोण ठोकतं, कोण मागतं, कोणाला नाकारलं जातं, ही क्रियापदं मी प्रकरणवार मांडली. तुमच्या कादंबरीतली एखादी वस्तू घ्या आणि असा तक्ता करून बघा. दोन दिवस लागतात. अर्थ शेवटच्या रकान्यात लिहायचा.

माझ्या तक्त्यात नाण्याची शेवटची नोंद जहाज बुडण्याची आहे. सोळा डॉलर कोणालाच मिळाले नाहीत.