वर्गणीदार प्रेक्षक : 'मूव्हीपास'च्या उदयास्ताची चिकित्सा

प्रास्ताविक

चित्रपट हे माध्यम तिकिटाशी फार घट्ट बांधले गेलेले आहे. ग्रंथ उसना आणता येतो, गाणे शेजारच्या घरातील रेडिओवरून ऐकता येते. चित्रपटगृहात मात्र दर खेपेस खिडकीवर पैसे मोजल्याखेरीज प्रवेश मिळत नाही. त्यामुळे प्रत्येक चित्रपटापूर्वी प्रेक्षकाच्या मनात एक छोटा हिशेब उभा राहतो : हा चित्रपट इतक्या पैशांच्या योग्यतेचा आहे काय? हा हिशेबच पुसून टाकावा, प्रेक्षकाने महिन्याची ठरावीक वर्गणी भरावी आणि मग मनास येईल तेव्हा चित्रपट पाहावा, ही कल्पना एकविसाव्या शतकाच्या आरंभी व्यवहारात आली. फ्रान्समधील यूजीसी या चित्रपटगृह-साखळीने मार्च २००० मध्ये अशी अमर्याद प्रवेशाची पत्रिका विक्रीस काढली. अमेरिकेत २०११ मध्ये स्टेसी स्पाइक्स आणि हॅमेट वॉट यांनी 'मूव्हीपास' ही कंपनी स्थापन केली. २०१७ मध्ये तिने जगाचे लक्ष वेधून घेतले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये तिची सेवा बंद पडली.

'मूव्हीपास' बुडाली ती अतिरेकी स्वस्ताईमुळे, असे सर्वसाधारण मत आहे. ते चूक नाही, परंतु अपुरे आहे. ते तपासून पाहणे आणि त्या अनुषंगाने या कंपनीवरील 'मूव्हीपास, मूव्हीक्रॅश' (२०२४) या माहितीपटाने केलेल्या मांडणीची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

खानावळ, वाचनालय आणि 'मूव्हीपास'

मासिक वर्गणीचा व्यवहार आपल्याला नवा नाही. शहरात शिकावयास आलेल्या विद्यार्थ्याने महिन्याची खानावळ लावली की खानावळवाला त्याचे दोन्ही वेळचे जेवण गृहीत धरून दर सांगतो. पण मनातल्या मनात तो खाडेही धरतो. शनिवारी गावी जाणारा, परीक्षेच्या काळात एका वेळेस चहावर भागवणारा विद्यार्थी हाच त्याचा नफा असतो. दोन्ही वेळा नेमाने येऊन चार पोळ्या अधिक मागणारा विद्यार्थी परवडत नाही, परंतु त्याचा तोटा इतरांच्या खाड्यांतून भरून निघतो. वाचनालयाचे गणित याहून वेगळे आहे. तेथे वर्गणीदाराने महिन्यात दोन ग्रंथ नेले काय किंवा वीस नेले काय, ग्रंथ थोडा अधिक झिजतो इतकेच. प्रत्येक वाचनामागे ग्रंथपालाला प्रकाशकाकडे पैसे भरावे लागत नाहीत.

'मूव्हीपास'ला मात्र प्रत्येक वेळी पैसे भरावे लागत होते, आणि तेही पुरते. तिची कार्यपद्धती पाहिली म्हणजे हे स्पष्ट होते. वर्गणीदाराला बँकेच्या कार्डासारखे एक कार्ड मिळे. चित्रपटगृहाजवळ पोहोचल्यावर त्याने भ्रमणध्वनीवर चित्रपट व खेळ निवडावयाचा. त्यासरशी कंपनी त्या तिकिटाच्या किमतीएवढी रक्कम कार्डावर जमा करी आणि वर्गणीदार खिडकीवर ते कार्ड वापरून तिकीट घेई. चित्रपटगृहाच्या दृष्टीने हा इतर ग्राहकांसारखाच एक ग्राहक होता. त्याला तिकिटाचे संपूर्ण मूल्य मिळत होते. म्हणजे ही अशी खानावळ होती की जिच्याकडे स्वतःची चूल नव्हती; ती शेजारच्या उपाहारगृहातून पूर्ण दराने ताट विकत आणून अर्ध्या दराने वाढत होती.

प्रारंभीची काही वर्षे कंपनीची वर्गणी साधारणतः महिना ३० ते ५० डॉलरच्या दरम्यान फिरत राहिली आणि वर्गणीदारांची संख्या वीस हजारांच्या आसपास अडखळली. जून २०१६ मध्ये, नेटफ्लिक्सच्या आरंभीच्या काळात तेथे कार्यरत असलेले मिच लो हे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. ऑगस्ट २०१७ मध्ये हेलिओस अँड मॅथेसन ॲनालिटिक्स या कंपनीने बहुसंख्य भाग घेण्याचे ठरवले आणि त्याच वेळी वर्गणी ९.९५ डॉलरवर आणली गेली. या रकमेत दररोज एक चित्रपट पाहण्याची मुभा होती. त्या वर्षी अमेरिकेतील तिकिटाची सरासरी किंमत ८.९७ डॉलर होती. दोन चित्रपट पाहणाऱ्या वर्गणीदारामागे कंपनीला सुमारे आठ डॉलरचा तोटा होणार, हे समजण्यासाठी वाणिज्य शाखेची पदवी लागत नाही. न्यूयॉर्कसारख्या शहरात तर एकच तिकीट महिन्याच्या वर्गणीहून महाग होते. वर्गणीदारांची संख्या डिसेंबर २०१७ मध्ये दहा लाख, फेब्रुवारी २०१८ मध्ये वीस लाख आणि जूनमध्ये तीस लाखांच्या पुढे गेली. तोट्याला मर्यादा असावी म्हणून धंदा वाढवावा हा सर्वसामान्य नियम. येथे प्रत्येक नवा ग्राहक तोटा वाढवीत होता.

कंपनीची आशा खाड्यांवर होती. सरासरी अमेरिकन माणूस त्या काळी वर्षाकाठी चारच्या आसपास चित्रपट पाहत असे; उत्साह ओसरला म्हणजे वर्गणीदारही त्याच सरासरीवर येईल, असा तिचा कयास होता. या कयासातील दोष सरासरीच्या वापरात आहे. अमेरिकेत महिन्यातून किमान एकदा चित्रपटगृहात जाणारा वर्ग त्या काळी लोकसंख्येच्या १२ टक्क्यांच्या आसपास होता, पण जवळपास निम्मी तिकिटे तोच घेत असे. वर्गणी भरावयास प्रथम धावणार तो हाच वर्ग, हे उघड आहे. वर्षातून एकदा दिवाळीच्या सुटीत चित्रपट पाहणारा मनुष्य महिन्याची वर्गणी कशासाठी भरील? खानावळ ज्याने लावली तो भुकेला असणारच.

प्रेक्षक हा माल

तथापि मालकवर्गाला हे गणित कळत नव्हते असे मानणे भाबडेपणाचे होईल. त्यांचे उत्तर तयार होते : तिकीट हा आमचा धंदा नव्हेच, माहिती हा आमचा धंदा आहे. कोण काय पाहतो, कोठून येतो, नंतर कोठे जेवतो, ही माहिती चित्रपट-निर्मात्यांना आणि उपाहारगृहांना विकून उत्पन्न मिळेल, असे गुंतवणूकदारांना सांगण्यात आले. मार्च २०१८ मध्ये एका व्यावसायिक परिषदेत लो यांनी, प्रेक्षक घरून चित्रपटगृहापर्यंत कसा येतो आणि चित्रपटानंतर कोठे जातो यावर कंपनीची नजर असते, अशा आशयाचे विधान केले. त्यावर गदारोळ झाल्यावर कंपनीला खुलासा करावा लागला. प्रस्तुत लेखकाच्या मते या प्रकरणातील सर्वांत बोलका क्षण हाच आहे. वर्गणीदार स्वतःला ग्राहक समजत होता; कंपनीच्या कागदांत तो माल होता. आणि विनोद असा, की त्या मालालाही म्हणण्यासारखे गिऱ्हाईक मिळाले नाही.

कंपनीने स्वतःच्या वर्गणीदारांच्या जोरावर चित्रपटांत भाग घेण्याचाही प्रयोग केला. जून २०१८ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'गोट्टी' या चित्रपटाच्या पहिल्या आठवडाअखेरच्या तिकिटांपैकी सुमारे ४० टक्के 'मूव्हीपास'मार्फत गेली. परंतु ही तिकिटे कंपनीनेच पूर्ण दराने विकत घेतलेली होती. स्वतःच्या पैशाने स्वतःच्या चित्रपटाचे प्रेक्षागृह भरण्याचा हा प्रकार नाटकधंद्यातील जुन्या जाणत्यांना अपरिचित वाटणार नाही.

यानंतरची घसरण वेगाने झाली. जुलै २०१८ मध्ये गर्दीच्या खेळांसाठी जादा आकार सुरू झाला. २६ जुलै रोजी तिकिटांचे पैसे भरावयास रक्कम उरली नाही म्हणून सेवा ठप्प झाली आणि ५० लाख डॉलर तातडीने उसने घ्यावे लागले. त्याच आठवड्यात भागांचे २५० ला १ या प्रमाणात एकत्रीकरण करूनही भागाची किंमत सावरली नाही. ऑगस्टमध्ये 'दररोज एक' ऐवजी 'महिन्यात तीन' अशी मर्यादा आली. १४ सप्टेंबर २०१९ रोजी सेवा थांबली. जानेवारी २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज दाखल झाला.

परंतु ज्या गोष्टीची नोंद अर्थविषयक लेखनात ओझरती होते ती अधिक महत्त्वाची आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जून २०२१ मध्ये जाहीर केलेल्या तक्रारीनुसार, कंपनीने सर्वाधिक चित्रपट पाहणाऱ्या ७५,००० वर्गणीदारांचे परवलीचे शब्द 'संशयास्पद व्यवहार' झाल्याचे कारण दाखवून रद्द केले होते. सुमारे साडेचार लाख वर्गणीदारांना तिकिटांची छायाचित्रे पाठवून पडताळणी करून घेण्याचे बंधन घातले गेले, आणि ती यंत्रणाच वारंवार अडे. म्हणजे जाहिरातीत ज्याला 'दररोज एक चित्रपट पाहा' असे आवाहन केले होते, त्याने ते मनावर घेताच तो संशयित ठरला. चित्रपटावर ज्याचे सर्वाधिक प्रेम, तोच येथे लबाड. तोट्याचे आकडे काळाच्या ओघात विसरले जातील. रसिकतेलाच गुन्हा ठरविणारी ही व्यवस्था मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

माहितीपटाची मांडणी

मुताअली यांनी दिग्दर्शित केलेला 'मूव्हीपास, मूव्हीक्रॅश' हा माहितीपट मुख्यतः विश्वासघाताची कथा सांगतो. स्पाइक्स आणि वॉट या कृष्णवर्णीय संस्थापकांनी उभे केलेले काम त्यांच्या हातून निसटले. स्पाइक्स यांना जानेवारी २०१८ मध्ये काढून टाकण्यात आले, आणि पुढे लो व हेलिओसचे प्रमुख टेड फार्न्सवर्थ यांनी उधळपट्टी केली, असा त्याचा गाभा आहे. यातील वर्णविषयक बाजू दुर्लक्षिण्याजोगी नाही. भांडवल उभे करताना कृष्णवर्णीय उद्योजकाला येणाऱ्या अडचणी आणि भांडवल येताच त्याच्या जागी येणारे चेहरे, हे चित्र माहितीपटाने ठसठशीतपणे उभे केले आहे. न्यायालयीन घटनाक्रमानेही या कथेला दुजोरा दिला : नोव्हेंबर २०२२ मध्ये लो आणि फार्न्सवर्थ यांच्यावर गुंतवणूकदारांच्या फसवणुकीचे आरोप ठेवण्यात आले, लो यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये आणि फार्न्सवर्थ यांनी जानेवारी २०२५ मध्ये गुन्हा कबूल केला.

असे असले तरी माहितीपट एका प्रश्नापाशी थांबत नाही. ९.९५ डॉलरचा दर हा मर्यादित वर्गणीदारांपुरता प्रयोग असावयास हवा होता, असे स्पाइक्स यांचे म्हणणे आहे आणि ते विश्वसनीय वाटते. परंतु ३० किंवा ५० डॉलरच्या योजनेचा पायाही खाड्यांवरच होता. फरक प्रमाणाचा होता, तत्त्वाचा नव्हे. सज्जन संस्थापक आणि दुर्जन वारस अशी विभागणी केली की योजनेची चिकित्सा करण्याचे कारणच उरत नाही, आणि प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकून उठतो. स्पाइक्स यांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये कंपनी परत मिळविली आणि २०२३ मध्ये देशभर नव्याने सुरू केली, तेव्हा अमर्याद प्रवेशाऐवजी खर्च होत जाणाऱ्या श्रेयांकांची पद्धत स्वीकारली. ही मूळ कल्पनेतील उणिवेची मूक कबुलीच म्हणावी लागेल.

फ्रान्सचा अनुभव

तर मग वर्गणीची कल्पनाच त्याज्य मानावी काय? तसे दिसत नाही. एएमसी या अमेरिकी साखळीने जून २०१८ मध्ये १९.९५ डॉलरमध्ये आठवड्याला तीन चित्रपटांची योजना काढली आणि साधारण वर्षभरात तिला आठ लाखांहून अधिक सभासद मिळाले. चित्रपटगृहाच्या मालकाची रिकामी खुर्ची तशीही वाया जाणार असते. शिवाय मका-लाह्या आणि शीतपेये त्याचीच असतात. त्याच्याकडे स्वतःची चूल आहे.

परंतु याच कारणाने एक वेगळे संकट उभे राहते, आणि ते प्रथम ओळखले फ्रान्सने. मोठ्या साखळीने अमर्याद पत्रिका काढली की पत्रिकाधारक अन्यत्र तिकीट काढण्याचे टाळतो. गल्लीतील स्वतंत्र चित्रपटगृह ओस पडते. तसेच वर्गणीत पाहिलेल्या चित्रपटाचा वाटा निर्माता-वितरकाला कोणत्या दराने द्यावयाचा, हाही प्रश्न येतो. यूजीसीच्या पत्रिकेवर तेथे वादळ उठले आणि १५ मे २००१ च्या कायद्याने अशा योजनांना शासकीय मान्यतेची अट घातली. निर्माते व वितरक यांच्यासाठी संदर्भमूल्य ठरविण्याची आणि छोट्या प्रदर्शकांना हमी देऊन योजनेत सामावून घेण्याची तरतूद केली. दोन्ही देशांतील वादांची भाषा निराळी आहे. अमेरिकेत चर्चा भागांच्या किमतीची झाली, फ्रान्समध्ये छोट्या चित्रपटगृहाच्या अस्तित्वाची. त्यामुळेच तेथील पत्रिका दोन दशकांहून अधिक काळ टिकली, असे मानण्यास जागा आहे.

आपल्याकडील सोमवार

भारतात पीव्हीआर आयनॉक्सने ऑक्टोबर २०२३ मध्ये 'पासपोर्ट' ही योजना जाहीर केली : महिना ६९९ रुपये, दहा चित्रपटांपर्यंत, परंतु केवळ सोमवार ते गुरुवार, आणि आयमॅक्ससारखी महागडी प्रेक्षागृहे वगळून. अमेरिकेतील ठेच येथील मागच्यास शहाणे करून गेली, हे यावरून दिसते. त्याआधी २३ सप्टेंबर २०२२ रोजी राष्ट्रीय चित्रपट दिनी तिकीट ७५ रुपये केल्यावर ६५ लाखांहून अधिक प्रेक्षक आल्याचे बहुपडदा चित्रपटगृहांच्या संघटनेने सांगितले होते. प्रेक्षक चित्रपटाला नव्हे, दराला कंटाळला होता, हे त्या एका दिवसाने दाखवले.

वर्गणी भरून चित्रपट पाहण्याची एक जुनी परंपरा महाराष्ट्रातही आहे. १९६८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रभात चित्र मंडळासारख्या संस्थांचे सभासदही वर्गणीच भरत. तेथे मात्र सभासद गैरहजर राहिला तर संस्थेला नफा होत नसे. रिकाम्या खुर्च्या पाहून कार्यकर्ते खंतावत असत.

मराठी चित्रपटाच्या दृष्टीने 'सोमवार ते गुरुवार' ही अट निरुपद्रवी नाही. मराठी चित्रपटांना बहुपडदा चित्रपटगृहांत सोयीच्या वेळा मिळाव्यात म्हणून एप्रिल २०१५ मध्ये राज्यशासनाला निर्णय घ्यावा लागला, यावरूनच खेळांच्या वेळांचा प्रश्न किती नाजूक आहे हे कळते. शुक्रवारी लागलेल्या लहान मराठी चित्रपटाचे खेळ रविवारच्या आकड्यांवर सोमवारी कमी होतात. वर्गणी भरलेला, परिचित नसलेल्या दिग्दर्शकाचा चित्रपट केवळ कुतूहलापोटी पाहू शकेल असा प्रेक्षक सोमवारी सायंकाळी दाराशी येतो, तेव्हा ज्या चित्रपटासाठी त्याची सर्वाधिक गरज आहे तो फलकावर सकाळी साडेनऊच्या खेळापुरता उरलेला असतो.