औदुंबर आणि निंब

वैशाखात बोदवडास जाणाऱ्या माणसाला निसर्गसौंदर्याची आपली कल्पना थोडी तपासून घ्यावी लागते. भेगाळलेली काळी जमीन, पऱ्हाट्या उपटून मोकळी केलेली शेते आणि दुपारी बारानंतर ओस पडणारे रस्ते, एवढेच दृश्य डोळ्यांपुढे असते. अशा वेळी निंबाचे एखादे झाड दिसले, तर ते सुंदर आहे किंवा नाही हा प्रश्न मनात उद्भवत नाही; त्याच्याखाली जागा आहे काय, एवढेच मनुष्य पाहतो. आधीच बसलेली मंडळी किंचित सरकतात, नवा माणूस बसतो, आणि 'कोन्या गावचे, भाऊ?' येथून बोलण्यास आरंभ होतो. या सरकण्याविषयी आमच्या साहित्याने काय म्हटले आहे, हे एकदा पाहावे असे बरेच दिवस आमच्या मनात होते.

खानदेशाने मराठी कवितेस दोन झाडे दिली. त्यांपैकी एक शाळेत गेलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. दुसऱ्याकडे झाड म्हणून फारसे कोणी पाहिलेले नाही. पहिले बालकवींचे औदुंबर, दुसरे बहिणाबाई चौधरींच्या आखजीच्या गाण्यातील निंब. हे दोघे कवी एकाच मुलखातले. बहिणाबाईंचा जन्म १८८० साली जळगावजवळच्या आसोद्यास झाला, बालकवींचा १८९० साली धरणगावास. १९०७ साली जळगावास भरलेल्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या मुलास 'बालकवी' ही पदवी मिळाली, तेव्हा बहिणाबाई त्याच जळगावात चौधऱ्यांच्या वाड्यात संसार ओढीत होत्या. बालकवी १९१८ साली भादली स्थानकानजीक आगगाडीखाली गेले. बहिणाबाई १९५१ साली वारल्या, आणि सोपानदेवांनी जपून ठेवलेली त्यांची गाणी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ साली पुस्तकरूपाने बाहेर आली. तोवर महाराष्ट्राने हिरवळ कशी पाहावी याचे वळण बालकवींकडून घेऊन टाकले होते.

'औदुंबर' ही अवघ्या आठ ओळींची कविता. बेटाबेटांतून वाहणारे पाणी, इवलेसे खेडे, शेतमळ्यांची हिरवी गर्दी, तीतून डोहाकडे निघालेली वाट, आणि काठाशी स्वस्थ बैठक मारलेले झाड. हिचे गुण सांगण्याची आता आवश्यकता नाही. आम्हांस एकच गोष्ट वाचकांच्या नजरेस आणावयाची आहे. कवीने पायवाट पांढरी पडलेली पाहिली आहे. पायवाट आपोआप पांढरी पडत नाही; पिढ्यान्‌पिढ्या पाण्यास जाणाऱ्या बायांची, गुरे पाजण्यास नेणाऱ्या पोरांची पावले तीवर उमटावी लागतात. गाव आहे, शेत आहे, वाट आहे, डोह आहे. परंतु माणूस मात्र एकही नाही. तो कवीने वगळला. आणि वगळला म्हणूनच ती खिन्न, विलक्षण शांतता साधली, हे आम्हांस मान्य आहे. कवितेचा यात दोष नाही. दोष आहे तो आमच्या वाचनाचा. शंभर वर्षे ही कविता मुलांकडून पाठ करून घेताना, हिरवळ म्हणजे माणसांपासून दूर जाऊन मन निववण्याची जागा, असा अर्थ आम्ही तिला चिकटवला.

आता निंबाकडे वळू. आखजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, हा खानदेशात लेकीबाळींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराईची गाणी होतात, झाडांना झोके बांधले जातात. बहिणाबाईंच्या गाण्यात निंबाचे वर्णन म्हणावे असे काहीच नाही. झाड येते ते झोका बांधण्यापुरते. पण त्या एका झोक्याबरोबर त्या झाडाखाली कोण जमणार, किती दिवस जमणार, आणि ते दिवस सरल्यावर त्यांतली प्रत्येक कोठे परत जाणार, हे सारे आपोआप आत येते. वर्षाचे उरलेले दिवस त्याच झाडाखाली पुरुष बसतात. हे चार दिवस मात्र ते लेकींचे. कोणत्याही कायद्यात न लिहिलेला हा हक्क आहे, आणि त्यासाठी पुरुषांस तेथून उठावे लागते. वडाची हिरवी पाने व लाल फळे पाहून बहिणाबाईंस पोपट आठवतात, तेव्हा त्या बालकवींहून दुबळ्या निसर्गकवयित्री ठरत नाहीत. परंतु झाड आणि माणसे ही दोन निराळी प्रकरणे आहेत, असे त्यांस कधी वाटलेच नाही.

त्यांचे प्लेगावरचे गाणे आम्हांस या दृष्टीने फार महत्त्वाचे वाटते. रोगाच्या भयाने गाव उजाड होते आणि माणसांच्या गाठी शेतशिवारात पडू लागतात. गाव म्हणजे घरांची रांग, ही समजूत त्या गाण्यात सहज मोडून पडते. घरे जागच्या जागी राहतात, आणि गाव उठून जेथे माणसे भेटतात तेथे जाते.

येथे कोणी म्हणेल की, मग आमच्या ग्रामीण कथांनी पाराचे, चावडीचे, पाणवठ्याचे जे गोडवे गायिले, ते याहून निराळे काय? निराळे आहे, आणि पुष्कळ निराळे आहे. त्या गोडव्यांत पार सर्वांचा असतो. वस्तुतः तो सर्वांचा कधीच नव्हता. स्त्रिया तेथे बसत नसत, आणि ज्यांस गावाबाहेर राहण्यास लावले होते त्यांस तेथे बसूच दिले जात नसे. सार्वजनिक हा शब्द आम्ही फार स्वस्त केला आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांस खुले असावेत, हा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला. महाडच्या नगरपालिकेने पुढच्याच वर्षी चवदार तळे खुले केल्याचे ठरविले. तरीही तीन वर्षे ते पाणी कागदावरच खुले राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आपल्या अनुयायांसह तेथे जाऊन पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावाचा कस लागला. आणि त्यावरील न्यायालयीन वाद मिटण्यास १९३७ साल उजाडले. गावच्या झाडापाण्याविषयी हळवे लिहिणाऱ्या लेखकाने निदान एवढे तळे तरी डोळ्यांआड करू नये.

विहिरीची गोष्टही अशीच दुहेरी आहे. बोदवडने पाण्याची वाट पाहण्यात पुष्कळ उन्हाळे घालविले आहेत, आणि पूर्णेचे पाणी उचलून या परिसरात आणण्याच्या योजनेकडे येथील लोकांचे डोळे लागून राहिले, ते उगीच नव्हे. डोक्यावरच्या हंड्यास काव्यमय म्हणणे हे ज्याने हंडा उचललेला नाही त्यासच शोभते. घरात नळ आला तर तो आलाच पाहिजे. मात्र पाणवठ्याबरोबर बायांची बसण्याबोलण्याची एकमेव हक्काची जागा गेली, आणि तिच्याऐवजी त्यांस दुसरी कोठे मिळाली, याचा शोध आमच्या कथालेखकांनी घेतलेला आम्हांस फारसा दिसला नाही. पुरुषांच्या रिकामपणाचा शोध तरी घेतला गेला आहे. नेमाडे यांच्या 'कोसला'त (१९६३) पांडुरंग सांगवीकर पुण्याहून हात हलवीत गावी परततो, तेव्हा शिकलेल्या बेकार तरुणांची जी कंटाळलेली संगत तेथे दिसते, तिच्यात सातपुड्याच्या पायथ्याचे गाव जितके खरे उतरले आहे तितके पाराच्या शंभर वर्णनांत उतरलेले नाही. त्या तरुणांस बसावयास जागा आहे. करावयास काही नाही.

या प्रश्नाचा विचार ज्याने कवीच्या दृष्टीने आणि अधिकाऱ्याच्या चिकाटीने केला असा एक परका मनुष्य आमच्या शेजारीच येऊन गेला. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश पंडित १९१४ साली हिंदुस्थानात आले व १९१९ पासून काही वर्षे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यापक होते. सातपुडा ओलांडून पलीकडे इंदूर संस्थानासाठी त्यांनी केलेला नगररचनेचा अहवाल १९१८ साली निघाला. रुंद रस्त्यासाठी वस्ती पाडण्याची त्या काळच्या अभियंत्यांची हौस त्यांस मुळीच मान्य नव्हती. पडकी घरे तेवढी काढावी, लहान लहान मोकळ्या जागा जोडाव्या, असलेले झाड राखून त्याभोवती चौक करावा, असा त्यांचा आग्रह असे. प्लेगाने गांजलेल्या इंदुरात त्यांनी एका दिवाळीत मिरवणूक काढविली. जे रस्ते लोकांनी सर्वांत स्वच्छ केले असतील त्यांवरूनच ती जाणार असे आधी जाहीर केले, आणि शेवटी घाणीच्या राक्षसाबरोबर प्लेगाचा प्रचंड उंदीर जाळला. लोकांस तुळशीची रोपे वाटली. हे सारे हास्यास्पद म्हणणारे तेव्हाही असतीलच. परंतु झाड लावणे, रस्ता झाडणे आणि सण करणे ही एकच गोष्ट आहे, हे त्यांस कळले होते. आखजीच्या गाण्यातही याहून वेगळे काही नाही.

आमच्या गावांतील हल्लीच्या बागा पाहिल्या म्हणजे त्या मात्र 'औदुंबरा'च्या चुकीच्या वाचनातून निघाल्या आहेत असे वाटते. कुंपण, फाटक, उघडण्याची वेळ, 'हिरवळीवर बसू नये' ही पाटी. अपवाद आहेत. जळगावात नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ साली काढलेल्या 'काव्यरत्नावली' मासिकाचे नाव एका चौकास दिलेले आहे, जवळच बाग आहे, आणि कवितेच्या मासिकाचे नाव रिक्षावाल्याच्या तोंडी रोज येते, हे मासिकांच्या नशिबी क्वचितच येणारे भाग्य म्हटले पाहिजे. पण बोदवडसारख्या गावास मोठ्या उद्यानाची वाण आहे असे आम्हांस वाटत नाही. दर दोन गल्ल्यांस एक निंब, त्यास बसता येईल असा ओटा, आणि त्या ओट्यावर आज कोणाची पाळी याविषयी थोडा समजूतदारपणा, एवढ्याने पुष्कळ भागेल. २०२१ साली राज्याने वृक्षसंरक्षणाच्या कायद्यात दुरुस्ती करून शहरी हद्दीतील पन्नास वर्षांवरील झाडांस वारशाचा दर्जा दिला, ही चांगली गोष्ट झाली. झाड त्यामुळे कदाचित वाचेल. ओटा वाचविण्याचा कायदा कोणास करता येईल, कोण जाणे.

ओटा कोण मोडतो, याविषयी आम्हांस जे ठाऊक आहे ते आता सांगून टाकतो. आमच्या ओळखीच्या एका गल्लीत असे निंब होते. दुपारी तेथे हमाल टेकत, संध्याकाळी म्हातारे, रात्री पत्ते चालत, आणि आखजीस झोका चढे. पत्त्यांचा आणि तोंडच्या शिव्यांचा त्रास घरातील लेकीसुनांस होतो, असा एक अर्ज गल्लीतील सुशिक्षित मंडळींनी केला. अर्जाची भाषा शुद्ध होती, कारण ती आमची होती. खाली सहीही आमची आहे. लेकीसुनांस कोणी विचारले नव्हते. अर्जाची दखल अपेक्षेहून लवकर घेतली गेली. ओटा काढला, बुंध्यापर्यंत सिमेंटचे ठोकळे बसविले, भोवती पुरुषभर उंचीची लोखंडी जाळी उभारली. पत्ते बंद झाले. म्हातारे आपापल्या दारात खुर्ची टाकून बसू लागले. दोन दारांत अंतर असल्यामुळे त्यांस एकमेकांशी मोठ्याने बोलावे लागे, आणि पुढे तेही कमी झाले. हमाल कोठे टेकू लागले हे आम्ही पाहिले नाही.

त्यापुढच्या आखजीस आमच्या घरच्या मुली माहेरी आल्या. झोका हवा म्हणून पोर्चच्या स्लॅबला दोन कड्या बसवून घेतल्या. झोका चांगला झाला; निंबावरच्यापेक्षा मजबूत. आमच्याच घरच्या तिघी पाळीपाळीने त्यावर बसल्या, आणि गौराईचे गाणे म्हणू लागल्यावर दुसरे कडवे कोणास येते, हे विचारण्यासाठी शेजारच्या घरी निरोप पाठवावा लागला.