पडद्यावरील ब्रगांझा आणि आपली घरे

हिंदी चित्रपटात ख्रिस्ती कुटुंब आले की त्याचे आडनाव ब्रगांझा असावे, असा काही अलिखित नियम आहे की काय, अशी शंका आम्हांला पुष्कळदा येते. १९७३ च्या ‘बॉबी’ची नायिका बॉबी ब्रगांझा, १९७९ च्या ‘बातों बातों में’चा नायक टोनी ब्रगांझा, १९९४ च्या ‘कभी हाँ कभी ना’तील धर्मगुरू फादर ब्रगांझा आणि १९९६ च्या ‘खामोशी’तील मूकबधिर पिता जोसेफ ब्रगांझा! १६४० साली पोर्तुगालच्या सिंहासनावर आलेल्या राजघराण्याचे हे नाव. आमच्या धर्मग्रामाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत डिसोजा, परेरा, लोपीस, डाबरे, तुस्कानो, घोन्साल्विस यांची पानेच्या पाने भरलेली आहेत; ब्रगांझा मात्र आम्हांला अद्याप आढळलेला नाही.

आडनावाची गोष्ट हसून सोडून देता येईल. परंतु ज्याने आपल्या दारावरची पाटीसुद्धा नीट वाचली नाही, त्यानेच आपल्या घरातील प्रेमाची, लग्नाची आणि भांडणाची कथा साऱ्या देशाला सांगावी, आणि आपल्या मुलामुलींनी तीच पाहून आपण कोण आहोत हे ठरवावे, ही बाब हसण्यावारी नेण्याजोगी नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली प्रसारमाध्यमांवर स्वतंत्र आदेशपत्र काढले आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या कुटुंबविषयक प्रबोधनपत्रात ‘बाबेत्स फीस्ट’ या १९८७ च्या डॅनिश चित्रपटाचा प्रेमाने उल्लेख केला. तेव्हा वेदीवर उभ्या राहणाऱ्या माणसाने चित्रपटाविषयी लिहिले म्हणून कोणी भुवया उंचावू नयेत.

आमची कसोटी साधी आहे. प्रेमकथा पाहताना आम्ही नायक-नायिकेकडे फारसे पाहात नाही. तरुण माणसे सर्वत्र सारखीच प्रेमात पडतात. आम्ही पाहतो ते आईबापांकडे. मुलीच्या लग्नाला विरोध करणाऱ्या आईला दिग्दर्शकाने काही कारण दिले आहे काय? ती बोलू लागली की तिचे म्हणणे ऐकून घ्यावे असे वाटते काय?

या कसोटीवर ‘बॉबी’ उतरत नाही. राज कपूर यांच्या या गाजलेल्या चित्रपटात घरातली वडीलधारी स्त्री म्हणजे दुर्गा खोटे यांनी साकारलेली आजी, राजाला लहानपणी सांभाळणारी. ती मायाळू आहे, पण तिला मत नाही. बाप जॅक गोव्याचा मासेमार. प्रेमनाथ यांनी तो मोठ्या उमद्या आवेशात रंगविला आहे. हिंदू श्रीमंताचा मुलगा आणि कॅथलिक मासेमाराची मुलगी यांच्या लग्नात आडवा येतो तो फक्त पैसा. शेवटी दोघे पिते प्रवाहात उड्या घेतात, मुले वाचतात आणि प्रश्न सुटतो. लग्न कोठे लागणार, मुले कोणती प्रार्थना शिकणार, नाताळच्या रात्री सून कोठे असणार, यातले काहीच कोणाला सुचत नाही. धर्मभेद इतक्या सहजी पुसला गेला म्हणून पुष्कळांनी ‘बॉबी’चे कौतुक केले. जे कधी पाटीवर लिहिलेच नाही ते पुसले असे म्हणता येत नाही, असे आमचे मत आहे.

‘बॉबी’नंतर दोनच वर्षांनी आलेल्या के. एस. सेतुमाधवन यांच्या ‘ज्यूली’विषयी मात्र आम्हांला अधिक लिहायचे आहे. आपल्या समाजात या चित्रपटाचे नाव आजही थोडे दबक्या आवाजात घेतले जाते. ख्रिस्ती मुलगी, तोकडा झगा, बाटलीत बुडालेला बाप आणि लग्नापूर्वीचे बाळ: आपली बदनामी करणारे जे जे असेल ते सारे त्यात आहे, असा आक्षेप आम्ही अनेक वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकला. आक्षेप खोटा नाही. ख्रिस्ती मुलगी म्हणजे सैल मुलगी, ही हिंदी पडद्याची जुनी खोड ‘ज्यूली’नेही सोडलेली नाही. तरीही तो चित्रपट पुन्हा पाहावा असे आम्ही म्हणतो, ते नादिरा यांनी उभ्या केलेल्या मार्गारेटसाठी.

मार्गारेट ही अँग्लो-इंडियन रेल्वे कुटुंबातील आई. नवरा मॉरिस इंजिन ड्रायव्हर. ओमप्रकाश यांनी तो केला आहे. घर हिंदुस्थानात, पण मार्गारेटचे ‘होम’ इंग्लंडात. शेजारच्या भट्टाचार्य कुटुंबातील शशीपासून ज्यूलीला दिवस राहतात तेव्हा मार्गारेट आधी गर्भपाताचा विचार करते. एक श्रद्धाळू ख्रिस्ती बाई तिला त्यापासून परावृत्त करते. बाळ गुपचूप जन्मते, अनाथालयात ठेवले जाते, आणि ज्यूलीने काही घडलेच नाही असे समजून घरी यावे, अशी आईची आज्ञा होते. ही आई कठोर आहे, ढोंगीही आहे. पण तिचे भय खरे आहे. जिला या देशाने आपली मानले नाही आणि जिला इंग्लंडने कधी पाहिलेच नाही, अशा स्त्रीजवळ अब्रू सोडून दुसरे काय शिल्लक असते? नादिरा यांच्या डोळ्यांत ते भय दिसते, आणि त्या वर्षीचा साहाय्यक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार त्यांना मिळाला तो योग्यच होता. दुसऱ्या बाजूला शशीची आईही तितकीच हटून बसते. शेवटी शशीचा बाप (उत्पल दत्त) दोन्ही बायांना समोरासमोर उभे करतो आणि नातवाला उचलून घेतो. नाटकी वाटेल, पण त्या घरात कोणीतरी प्रथमच त्या बाळाला आपले म्हटलेले असते.

मार्गारेटच्या जोडीने आम्हांला आठवते ती श्याम बेनेगल यांच्या ‘त्रिकाल’ (१९८५) मधील दोना मारिया. लीला नायडू यांची ही भूमिका. काळ १९६१ चा, पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या दिवसांचा. चित्रण लोटली येथील व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांच्या वाड्यात झाले. पती वारला हे विधवेला मान्य नाही, आणि राजवट जाणार हेही मान्य नाही. ती आत्म्यांना बोलावते तेव्हा पती येत नाही. ज्यांच्यावर तिच्या घराण्याने अन्याय केला ते येतात. नातीच्या साखरपुड्याची घाई आणि दुखवट्याचे दिवस यांचा झगडा चालू असताना त्या घराच्या तळघरात एक स्वातंत्र्यसैनिक लपलेला असतो. बेनेगल यांनी तो वाडा आदराने दाखविला, पण माफ केला नाही. राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांना उत्कृष्ट दिग्दर्शकाचा मान या चित्रपटाने मिळवून दिला.

तथापि वाड्यांतल्या माणसांची दुःखे आपल्या वाचकांपैकी थोड्यांचीच. आमच्या कार्यालयात येतात त्या आया वेगळ्या. गेल्या वर्षी एक माउली आमच्याकडे आल्या. मुलगी शिकलेली, नोकरी करणारी. मुलगा हिंदू, सालस, घरचा चांगला. त्या भांडायला आल्या नव्हत्या. बराच वेळ रुमालाची घडी घालीत बसल्या आणि मग म्हणाल्या, “फादर, पोर सुखात राहील, त्याची मला काळजी नाही हो. पण मी गेल्यावर माझ्यासाठी तिच्या घरात रोझरी कोण म्हणेल?” या प्रश्नावर आजवर एकाही चित्रपटाने एक मिनिटही खर्च केलेले नाही.

चित्रपटातले धर्मगुरूही यावर मौन पाळतात. एरवी ते क्रूस धरून आशीर्वाद देतात आणि वेळप्रसंगी अनाथ मुले वाढवतात. ‘अमर अकबर अँथनी’तील (१९७७) अँथनीला असाच एक फादर सांभाळतो. प्रत्यक्षात अशा लग्नाच्या वेळी धर्मगुरूला पुष्कळ बोलावे लागते. १९८३ च्या कायदेसंहितेनुसार बिशपांची परवानगी घ्यावी लागते. कॅथलिक व्यक्ती आपली श्रद्धा सांभाळण्याचे आणि मुलांना बाप्तिस्मा व ख्रिस्ती संस्कार देण्यासाठी शक्य ते सारे करण्याचे वचन देते. दुसऱ्या व्यक्तीला या वचनाची जाणीव करून दिली जाते. तिने धर्म बदलावा अशी अट नसते. ‘शक्य ते सारे’ या तीन शब्दांत दोन घरांचे केवढे नाट्य दडले आहे! एखाद्या पटकथालेखकाने एक दुपार आमच्यासारख्या कोणाच्या कार्यालयात घालविली असती तरी त्याला चांगला मध्यंतर सापडला असता.

आता कोणी विचारील, दोघेही कॅथलिक असले म्हणजे आईचे भय संपते काय? बासू चटर्जी यांचा ‘बातों बातों में’ याचे उत्तर देतो. वांद्र्याची नॅन्सी परेरा आणि टोनी ब्रगांझा लोकल गाडीत भेटतात. जुळवून देणारे अंकल टॉम (डेव्हिड) सोबत असतातच. धर्म एक, चर्च एक, बोलणे एक. तरीही नॅन्सीची विधवा आई रोझी टोनीचा पगार मोजते. पर्ल पदमसी यांची ही रोझी आम्हांला या साऱ्या आयांमध्ये सर्वांत जवळची वाटते. ती बोलभांड आहे, लोभीही भासते. पण नवरा गेल्यावर घर चालविलेल्या बाईला पैशाची भाषा शिकावी लागते, हे दिग्दर्शक विसरत नाही. तिला हसता हसता आपण तिच्या बाजूला झुकतो. ‘ज्यूली’ आणि ‘बातों बातों में’ या दोन्हींचे संगीत राजेश रोशन यांचे, पण एकात घर घुसमटते आणि दुसऱ्यात खिडक्या उघड्या आहेत.

सईद अख्तर मिर्झा यांचा ‘अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है’ (१९८०) या खिडक्यांतून खालच्या रस्त्यावर उतरतो. अल्बर्ट मोटार मेकॅनिक. धनिकांच्या गाड्या चालविताना त्याला स्वतः धनिक झाल्यासारखे वाटते, आणि संप करणारे कामगार गुंड वाटतात. त्याचा बाप गिरणीकामगार. बहीण जोन पायाने अधू, साड्यांच्या दुकानात विक्रेती. स्मिता पाटील यांनी ती किती कमी शब्दांत केली आहे! संपात बापाला मार बसतो तेव्हा अल्बर्टचा राग प्रथमच योग्य दिशेला वळतो. हिंदी पडद्यावर ख्रिस्ती माणूस गिटार, बाटली किंवा पिस्तूल हातात घेऊन येतो. पाना हातात घेऊन येणारा अल्बर्ट आणि गिरणीत घाम गाळणारा त्याचा बाप हे अपवाद. गिरण्यांचा मोठा संप त्यानंतर दोनच वर्षांनी, १९८२ साली झाला, आणि कित्येक घरांतील चुली विझल्या. प्रेमकथा म्हणून हा चित्रपट कच्चा आहे. स्टेलावर अल्बर्ट गाजवतो तो हक्क आम्हांला रुचला नाही. कुटुंबकथा म्हणून मात्र तो पक्का आहे.

एक तक्रार या सर्वांविरुद्ध उरते, ती भाषेची. पडद्यावरचा ख्रिस्ती माणूस लिंगवचनाचा खून करीत हिंदी बोलतो, ‘हम जाता, तुम आता’. आमचे लोक हिंदी चुकीचे बोलत नसतील असे नाही. पण घरात ते हिंदी बोलतच नाहीत. वसईच्या वाडीत सामवेदी किंवा वाडवळी बोली, मुंबईच्या गावठाणांत ईस्ट इंडियन मराठी, गोवेकराच्या घरी कोकणी. १६१६ साली फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत छापले गेले. चारशे वर्षांनंतरही पडद्यावर आम्ही मराठी बोलू लागलो नाही. म्हणूनच संजय लीला भन्साळी यांचा ‘खामोशी’ आम्हांला एका वेगळ्या कारणाने भावला. घरोघर साबण विकणारा जोसेफ आणि त्याची पत्नी फ्लेवी मूकबधिर आहेत; मुलगी ॲनी हाच त्यांचा आवाज. ती राजच्या प्रेमात पडते तेव्हा बापाचा विरोध हट्टाचा राहात नाही. मुलगी गेली की जगाशी बोलायचे कोणी, हा त्याचा प्रश्न असतो. नाना पाटेकर आणि सीमा बिस्वास या दोघांना शब्द नाहीत, आणि म्हणून चुकीचे शब्दही नाहीत. उत्तरार्धातील अपघात आणि रुग्णालय हे सारे आम्हांला जास्तीचे वाटले.

स्वतःच्या भाषेत गोष्ट सांगितली की काय होते, याचा दाखला कोकणीत आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात तुतारी वाजविणारे गोव्याचे फ्रँक फर्नांड यांनी १९६३ साली ‘आमचें नशीब’ आणि १९६६ साली ‘निर्मोण’ हे चित्रपट काढले. समुद्रावर गेलेला नवरा बुडाला असे समजून मागे राहिलेली पत्नी, ही ‘निर्मोण’ची कथा टेनिसनच्या ‘इनॉक आर्डेन’वरून घेतलेली. तरी जहाजावर गेलेल्या माणसाची वाट पाहणे गोव्याच्या घरांना कोणी शिकवावे लागले नाही. पुढच्याच वर्षी ‘तकदीर’ नावाने तो हिंदीत आला. वाद्यवृंदातली आमची माणसे पडद्यामागे राहिली, हे खरे. मात्र ‘अमर अकबर अँथनी’तील अँथनी गोन्साल्विस हे नाव संगीतकार प्यारेलाल यांच्या व्हायोलिनच्या गुरूचे आहे, हे आपल्या मुलांना अवश्य सांगावे.

‘कभी हाँ कभी ना’विषयी एवढेच, की कुंदन शाह यांच्या या चित्रपटात नायकाला नायिका मिळत नाही. ॲना ख्रिसशी लग्न करते. चर्चमध्ये हरवलेली अंगठी सुनीलच्या नजरेस पडते. ती लपविली तर लग्न लांबेल, हे त्याला कळते. क्षणभर तो थांबतो आणि मग ती देऊन टाकतो. लग्नविधीच्या तयारीवर्गात प्रेमाविषयी बोलताना आम्ही हा प्रसंग सांगतो, आणि गंभीर चेहऱ्याने बसलेली जोडपी तेथे हमखास हसतात.

येत्या आगमनकाळापूर्वीच्या शनिवारी आमचे युवक मंडळ धर्मग्रामाच्या सभागृहात ‘बातों बातों में’ दाखविणार आहे. मुले येतीलच. आयांनीही यावे, अशी आमची विनंती आहे. चित्रपट संपल्यावर रोझी परेराची बाजू मांडायला कोणीतरी हवे.